पौंडाचा भाव आणि तिसरं पान

१० मार्च २००८

तीनशे पौंड आले. भाव ऐंशी. म्हणजे चोवीस हजार! बँकेतल्या मुलीनं आकडा दोनदा तपासला. आमच्या ह्यांनी बावीस वर्षं लेस्टरच्या सरकारी दवाखान्यात बॉयलर सांभाळला. ते गेले, मी हिंगोलीला परतले, आणि त्यांच्या पेन्शनमधला माझा वाटा इथे येऊ लागला.

२२ एप्रिल

तिकडच्या ऑफिसचं पत्र — महागाईमुळे पेन्शन जवळपास चार टक्क्यांनी वाढली. शेजारच्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "तिकडं दूध महागलं तर इकडं तुमाला काहून पैसे?" मी पेढे दिले.

१४ जुलै

बँकेत अमृतराव गुरुजी भेटले. गणिताचे, आता रिटायर, घरी एकटेच. पेपरातला पौंडाचा भाव फोनवर कळवीन म्हणाले.

३० जुलै

गुरुजींचा फोन रोज येतो. पैसे महिन्यातून एकदाच येतात हे मी सांगून पाहिलं.

२४ जानेवारी २००९

अडुसष्ट! गुरुजींनी असा आवाज काढून सांगितलं, जणू पौंड त्यांच्याच हातून पडला. लंडनच्या भावावर किती दिवस जगायचं? मागच्या खोलीत हळद दळायची चक्की टाकते.

१९ फेब्रुवारी

चक्की सुरू! गुरुजी मदतीला आले आणि केसांपासून चपलांपर्यंत पिवळे होऊन घरी गेले. रस्त्यानं लोक बघत होते. गुरुजींना त्याचं काही नाही.

१६ एप्रिल

यंदा पाच टक्के वाढ. भाव त्र्याहत्तर. गुरुजींनी कागदावर मांडून दाखवलं — दोन वाढी मिळूनही गेल्या वर्षीच्या मार्चपेक्षा शंभरेक रुपये कमीच. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

३ जून

गुरुजी आज फोन न करता आले. "भावाचं न्हाई, दुसरंच बोलायचं होतं," म्हणाले. मग विचारलं — पुढचे दिवस सोबत काढायचे का? लग्न करून, राजरोस.

मी आत जाऊन पेन्शनचे कागद आणले. तिसऱ्या पानावर नियम आहे, तो मराठीत करून सांगितला — विधवेनं पुन्हा लग्न केलं तर पेन्शन कायमची बंद.

त्यांनी कागद नीट घडी करून परत दिले. "मग राहू द्या. माझ्यापायी तुमचं नुकसान नको." चहा तसाच ठेवून गेले.

४ जून

फोन नाही.

५ जून

आजही नाही. भाव किती आहे कोण जाणे. बघावासाही वाटला नाही.

६ जून

नांदेडला अंजलीला फोन करून सगळं सांगितलं. लेकीला सांगताना लाजच वाटली. तिनं एवढंच विचारलं, "आई, चक्कीवर तुझं भागतं का?"

भागतं, म्हटलं.

"मग मला कशाला विचारतेस?"

८ जून

तिकडच्या ऑफिसला पत्र टाकलं — पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद करावी. कारण : लग्न.

आता गुरुजींना सांगायला निघाले.