नर्मदा उजव्या हाताला

२ डिसेंबर
मुलुंडला येऊन आज आठवडा झाला. घर लहान, पण खिडकीतून डोंगर दिसतो, त्यामुळे बायको, सुलक्षणा, खूश आहे. कामही मनाजोगं मिळालं. एका संस्थेने सभागृहात नर्मदेची प्रतिकृती बांधली आहे: सिमेंटचे घाट, देवळं, शूलपाणीचं जंगल आणि मधून मोटरने खेळवलेली फूटभर रुंद नदी. तिचे फोटो मी काढायचे. सुलक्षणाला परिक्रमा करायची होती, पण गुडघ्यांनी दहा महिने अंथरुणाला खिळवलं. म्हणून ठरवलं, नदी उजव्या हाताला ठेवून, ती न ओलांडता, मागे न फिरता, क्रमाने चालायचं आणि रोजचे फोटो संध्याकाळी तिला दाखवायचे. आज ओंकारेश्वर. तिने कॅमेऱ्यालाच हात जोडले.

५ डिसेंबर
मी चप्पल बाहेर काढतो म्हणून कारागीर कुंडलिक हसतो. माणसांच्या मूर्ती महिनाअखेरीस येणार म्हणाला, तोवर घाट रिकामे. सुलक्षणा आज भिंत धरून उभी राहिली. देवाची कृपा. तिचे पाय पुसताना भेगांत बारीक वाळू लागली.

८ डिसेंबर
ती स्वयंपाकघरापर्यंत चालली. तळव्यांना फोड आहेत. म्हणाली, डोळा लागला की ती काट्यांतून चालत असते आणि पुढे माझी पाठ दिसते. आनंद मानावा की —

९ डिसेंबर
जंगलावर सावली पडत होती. समोरच्या काठावरून उजेड चांगला होता. मी घुटमळलो, तसा कुंडलिक म्हणाला, "काका, खरी नर्मदा आहे का ती? गटाराएवढी तर आहे. टाका टांग."
टाकली. एकच फोटो काढला.
घरी दाराला आतून कडी. दार तोडावं लागलं. अंथरुणावर वाळू. सुलक्षणा नाही. शेजारच्या रेवतीताई म्हणाल्या, दुपारी ती तुम्हाला हाका मारत होती.

१० डिसेंबर
पोलिसांत कळवलं. मग तो फोटो मोठा करून पाहिला. जंगलाच्या काठावर हिरव्या साडीतली बाई, हात वर केलेला. मूर्ती अजून आलेल्या नाहीत.

११ डिसेंबर
सभागृहात, परवा ओलांडून आलो त्या काठावर. मोटर बंद, पाणी वाहतंय. पलीकडे ती, बोटाएवढी. पाण्यात पाऊल टाकलं — तळ लागला नाही. कुंडलिकने मागे ओढलं आणि पळाला.

ओलांडता येत नाही. उलटं फिरता येत नाही. उगमाला वळसा घालून तिच्यापर्यंत — वर्ष, दोन वर्षं — ओरडून सांगितलं, तिथेच थांब.

ती विचारते, तुम्ही तिकडे आहात, मग माझ्या पुढे पाठमोरे कोण?
तो थांबलाय म्हणते. आता वळून —