अठरावा होल कोणाच्या वाट्याला

मी, खाली सही करणार, धंदा दंतवैद्य, आता निवृत्त, राहणार दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या खुषीने, कोणी कानाशी लागलेले नसताना आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी सकाळी दिला, तो सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला महिन्यांची नावे उलटी म्हणायला लावली. मी म्हटली. मग मी त्यांना तोंड उघडायला लावले आणि डावीकडची खालची दाढ किडल्याचे सांगितले. याआधीचे मृत्युपत्र बायको हयात असताना केले होते, ते रद्द समजावे.

कलम १. घर व दवाखाना मुलीला. जिन्याचा कठडा हलतो, तो आधी दुरुस्त करून घ्यावा. दवाखान्याच्या जागी मोबाइलचे दुकान काढायचा बेत जावयाने मागे जेवताना बोलून दाखवला होता. मला ऐकू गेले नाही असा त्याचा समज आहे. माझे दात गेले आहेत, कान नाहीत.

कलम २. दवाखान्यातली खुर्ची, आरसे, चिमटे व सर्व अवजारे माझ्या मदतनीस बाईंना. रडणाऱ्या पोरांचे हात त्यांनी धरले म्हणून माझे हात चालले. त्यांनी ती विकली तरी माझी हरकत नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते मुलगी व नात यांना निम्मे निम्मे. त्यावरून भांडू नये. दोघी भांडतील हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम ४. गोल्फ क्लबच्या सचिवांना मी या खेळाच्या राष्ट्रीय मॅच प्ले अजिंक्यपदाचा इतिहास देतो. तो लिहून द्या म्हणून त्यांनी गेली काही वर्षे माझ्यामागे लकडा लावला आहे. वेगळे पुस्तक होणार नाही. जे आहे ते याच कलमात.

मॅच प्लेमध्ये एकूण फटक्यांची बेरीज करत नाहीत. समोरच्या माणसाला हरवायचे असते, अठरा होलांपैकी एकेक जिंकत. पहिल्या वर्षी आठजण जमले, त्यांत दोन सख्खे भाऊ होते आणि एक असा औषधवाला, ज्याने त्याआधी कधी काठी हातात धरली नव्हती. चषक जुन्या बाजारातून आणलेला. तो मुळात होड्यांच्या शर्यतीचा, म्हणून आजही त्यावर गोल्फच्या अजिंक्यवीरांच्या नावांवर दोन वल्ही कोरलेली दिसतात. पुढे माणसे वाढली, प्राथमिक फेऱ्या गावोगावी होऊ लागल्या, पण अंतिम सामना याच मैदानावर राहिला. बायका बरीच वर्षे फक्त छत्र्या धरत होत्या. मग त्यांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. माझी मुलगी उपांत्य फेरीपर्यंत गेली. नात उद्या अंतिम सामना खेळणार आहे.

या खेळात दोन शब्द महत्त्वाचे. चेंडू होलच्या इतका जवळ आला की आता चुकणे नाही, तर समोरचा म्हणतो, 'दिला'. मग तो फटका न मारताच चेंडू उचलतात. आणि समोरचा खेळाडू हजरच नसेल तर उरलेल्याला 'पुढे चाल' मिळते, म्हणजे न खेळता विजय. चषकावर इतक्या नावांत फक्त माझ्या नावापुढे कंसात 'पुढे चाल' कोरले आहे. तेव्हापासून क्लबात मी पुढेचाल डॉक्टर. पोरेसोरेही तसेच म्हणतात. कोरणाऱ्याला तो कंस घालायला लावणाऱ्या तेव्हाच्या समितीला मी क्षमा केलेली नाही, आणि त्यातले आता कोणी उरलेले नसले तरी करणार नाही.

कलम ४ अ. त्या सामन्यात समोर होता तो माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. लांब टांगांमुळे सगळे त्याला उंट म्हणत. चेंडूवर खूण म्हणून तो जांभळ्या पेन्सिलीने उंटाच्या पाठीवरच्या दोन मदारी काढायचा. आम्ही जन्मात एकमेकांना एकही चेंडू 'दिला' नाही. दोन बोटांवर असला तरी म्हणायचो, मार की. बायको म्हणायची, तुम्ही दोघे एकाच माळेचे मणी.

सतरा होल झाले तेव्हा बरोबरी होती. अठराव्यावर धुके उतरले. माझा चेंडू उजवीकडच्या गवतात गेला होता. उंट शोधायला थांबला, तेव्हा मी म्हणालो, "पुढे चाल, मी आलोच."

तो गेला. थोड्या वेळाने मी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, पोहोचलो तेव्हा त्याची काठ्यांची पिशवी उभी होती आणि तो नव्हता. दवात त्याची पावले उमटली होती. ग्रीन ओलांडून, पलीकडच्या मोकळ्या मैदानात, लांब लांब टांगा. मधोमध ती थांबत होती. वळलेली नव्हती, घसरलेली नव्हती, नुसती पुढे नव्हती. मी त्या शेवटच्या पावलापाशी उभा राहून हाक मारली. पुढे गेलो नाही. मला भीती वाटली.

पोलीस आले, कुत्री आली, आसपासचे लोक काठ्या घेऊन आले. मैदानात खड्डा नाही, विहीर नाही, पाण्याचे डबकेसुद्धा नाही. संध्याकाळी पंचांनी भोंग्यावरून जाहीर केले, पुढे चाल. घरी आल्यावर बायकोने एवढेच विचारले, "शेवटचं काय बोललात त्याला?" मी सांगितले. "मग आलोच म्हणालात, आणि गेला नाहीत?" तिने पुन्हा कधी विचारले नाही, आणि तो चषक ज्या खोलीत होता त्या खोलीत ती झोपली नाही.

कलम ५. माझ्या टेबलाच्या खालच्या खणातले गोल्फचे चेंडू कोणालाही देऊ नयेत. दरवर्षी अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी अठराव्या ग्रीनवर एक चेंडू सापडतो. आधी क्लबच्या माळ्याचे वडील आणून द्यायचे, आता माळी देतो. असले चेंडू आता कुठे बनत नाहीत. प्रत्येकावर जांभळ्या दोन मदारी आहेत, आणि कितीही पुसला तरी चेंडू कोरडा होत नाही. सुरुवातीला तो ग्रीनच्या कडेला असायचा. दरवर्षी थोडा पुढे सरकतो. गेल्या वर्षी होलपासून वीतभर होता.

आज सकाळी माळी रिकाम्या हाताने आला.

"साहेब, या खेपेला उचलला नाही. हात लावायचा धीर झाला नाही."

"किती लांब आहे?"

"लांब कसला? फुंकर मारली तर पडेल. साहेब, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा आहे बघा."

कलम ६. हे सर्व मी आणखी काही वर्षे खणात ठेवून दिले असते. पण काल नात उपांत्य सामना जिंकून आली, पहिली शाबासकी माझ्याकडूनच घ्यायला, आणि चहा पिताना म्हणाली, "आजोबा, तुम्ही मैदानावर आला होतात का?"

"मी घरीच होतो. गुडघे कुठे ऐकतात माझे?"

"मग अठराव्यावर मागून तुमचाच आवाज आला. म्हणजे तुमचाच, पण तरुण. पुढे चाल, मी आलोच. मी चालत सुटले हो. ग्रीन मागे पडलं तरी चालतेच आहे. शेवटी माळीकाकांनी बाही धरून ओढलं."

"धुकं होतं?"

"तिथे होतं. बाकी सगळीकडे ऊन होतं."

ती हसत सांगत होती. मी हातातली बशी खाली ठेवली.

उंट तिला नेत नाही. तो भला माणूस होता. तिला नेते आहे ते माझे वाक्य. मी ते बोललो, पुरे केले नाही, आणि ते अजून तिथे धुक्यात पडून आहे. आधी ते मलाच ऐकू यायचे, म्हणून मी मैदानावर जाणे सोडले. आता ते वारस शोधते आहे. घर मुलीला जाईल, अवजारे बाईंना जातील, पण हे माझ्या नातीच्या वाट्याला जाता कामा नये. हे मृत्युपत्र मुळात या एका कलमासाठी केले आहे.

कलम ७. उंटाचा तो चेंडू मला आता 'दिला' म्हणायचे आहे, पण हा शब्द कागदावर लिहून चालत नाही. मी नियम पाहिले. तो चेंडूपाशी, समोरच्याला ऐकू जाईल असा, तोंडाने म्हणावा लागतो. म्हणून उद्या उजाडताच, नातीचा सामना सुरू होण्याआधी, मी अठराव्यावर जाणार आहे. माझी जुनी काठी मी तिच्या पिशवीतून काढून घेतली आहे. ती चोरी समजू नये. चालताना टेकायला हवी.

मी न्याहारीला परत आलो तर हे सर्व फाडून टाकावे आणि जावयाला त्यातले पहिले कलम वाचू देऊ नये. न आलो तर कोणी शोधू नये, कुत्री आणू नयेत, सामना पुढे ढकलू नये. चषकावरचे माझे नाव कंसासकट घासून तिथे माझ्या मेहुण्याचे नाव घालावे. तो जिंकला. नातीने तिचा सामना खेळावा आणि मागून कोणीही काहीही म्हटले तरी आपल्या चेंडूकडे बघावे. माझी खात्री आहे, कोणी काही म्हणणार नाही.

ठिकाण: दवाखान्यामागची खोली. दिनांक: अंतिम सामन्याचा आदला दिवस, दुपारी.

सही: पुढेचाल

साक्षीदार पहिला: क्लबचा माळी. (सही करताना म्हणाला, "साहेब, मी येतो सोबत." त्याला नको म्हटले आहे.)

साक्षीदार दुसरी: शेजारच्या बाई, शिक्षिका. (त्यांनी तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले. आभार.)

शेजारच्या बाई सांगतात की साक्षीदारांच्या सह्यांनंतर लिहिलेले कायद्यात धरत नाहीत. न धरू देत. हे कायद्यासाठी नाही.

उंटा, थांब तिथेच. मी आलोच.