आईची अट आणि चौकातलं विमान

४ जानेवारी

अध्यक्ष आले होते. चौक सुशोभन समितीचे. मला वाटलं, कवळी टोचत असेल. खालची कवळी माझ्याच हातची आहे. बोलताना ती उचलते, कारण हा माणूस बोलायचा थांबत नाही. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

पण कवळी नव्हे. विमान! चौकातलं कारंजं बंद पडलं (चालू कधी होतं?), तर त्या जागी आता विमान. हवाई दलाने निवृत्त केलेलं, खरंखुरं, लढाऊ. खांबावर चढवणार, नाक आभाळाकडे, खाली दिवे.

"ताई, तुमच्या दादांचंच विमान हो!"

दादाचं विमान! दादाचं विमान दादासकट एका डोंगरावर पसरलं, त्याला बत्तीस वर्षं झाली. तळहाताएवढे तुकडे गोळा केले होते म्हणे. हे त्याच बनावटीचं दुसरं. मी तसं म्हटलं, तर म्हणतात, "तेच हो, एकच!" यांच्या दृष्टीने सगळ्या कवळ्याही एकच असतील.

मुद्दा पुढेच होता. उद्घाटनाला त्यांना आई हवी. वीरमाता. स्टेजवर बसायचं आणि दिव्यांची कळ दाबायची. मी साफ सांगितलं, "आई येणार नाही. तिला त्रास होतो."

वळले तर आई दारात.

"येईन म्हणून सांग त्यांना," म्हणाली. "पण एक अट आहे. ते वर चढवायच्या आधी मला आत बघायचंय. तो कुठे बसायचा ते."

अध्यक्ष म्हणाले, "त्यात काय आजी, हे काय बोलणं झालं!" म्हणजे हो की नाही, ते त्यांच्या कवळीलाच ठाऊक.

५ जानेवारी

दिवसभर चिडचिड. एक दाढ उलटी बसवली. मेण खरवडून पुन्हा केली.

आईला काय झालंय? इतक्या वर्षांत चकार शब्द नाही. टीव्हीवर विमान दिसलं की मी उठून चॅनेल बदलते, ती बिचारी गप्प बसते. आणि आता शिडी चढून आत बघायचंय! गुडघे आहेत का तसे? कळ दाबायची, फोटो काढून घ्यायचा, त्या लोकांच्या गाडीतून मिरवत यायचं. म्हातारपणी हे सुचलं.

नाही. हे मी उगाच लिहिलं. ती मिरवणारी नाही. पण भोळी आहे, आणि असल्या लोकांना भोळी माणसंच लागतात.

९ जानेवारी

समितीची सभा. सभागृहात पडदा, पडद्यावर चित्रं. विषय: निवृत्त विमानांचं पुढे काय होतं! अध्यक्षांनी कुठूनतरी जमवलं होतं आणि जणू स्वतः दोन-चार उडवून आल्यासारखं सांगत होते.

काही विमानं उघड्या माळावर रांगेत उभी करतात. वर्षानुवर्षं. काचांना पांढरा लेप, तोंडाला बोळे. लागेल तसा एखादा भाग काढून नेतात. काहींना माणसाशिवाय उडवतात आणि नव्या पोरांना नेमबाजीसाठी देतात—आपल्याच लोकांनी पाडायला! बाकीची यंत्राने कापून वितळवतात. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या घरातल्या पातेल्यातही एखादं लढाऊ विमान असू शकेल. लोक खूश. एका चित्रात पंखाचं टेबल केलेलं, त्याच्यामागे एक गुळगुळीत माणूस, पायावर पाय टाकून. दुसऱ्यात वैमानिकाची खुर्ची, खाली चाकं लावलेली. कुणाच्या तरी दिवाणखान्यात. पाहुणे येतात, बसून बघतात, गरगर फिरतात.

"आणि जी खरी भाग्यवान, ती आपल्यासारख्या चौकात येतात!"

टाळ्या. शेजारच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल ना." मी म्हटलं, ऊर भरून आलाय. त्यांना खरंच वाटलं.

१४ जानेवारी

आलं. आणि काय आलं!

लांबलचक ट्रकवर धड, मागच्या ट्रकवर पंख. वळणावर सिग्नलचा खांब आडवा केला. ठेकेदार—नाल्याच्या पुलाचा तोच, ज्याचे कठडे कलले आहेत—शिट्टी तोंडात धरून नाचत होता. पंख लावून दुपारी विमान चाकांवर उभं केलं. नाकाखाली लाकडी ओंडक्यांचा टेकू. अध्यक्षांना फोटो हवा होता, आणि ओंडके फोटोत वाईट दिसतात. "काढा ते!"

काढले.

विमानाने सावकाश नाक वर केलं आणि शेपटीवर बसकण मारली. पुढचं चाक हवेत! अध्यक्ष हात वर करून हसत उभे होते, तसेच राहिले. फोटोवाल्याने मात्र सोडलं नाही.

मग कळलं ते असं. हवाई दलाने देताना पुढचं सगळं काढून घेतलेलं. तोफ नाही, यंत्रं नाहीत, वैमानिकाची खुर्चीही नाही. मागे मात्र गंजलेलं इंजिन तसंच, ते काढायचा कुणाला कंटाळा आला असेल. नाक हलकं, बूड जड. समितीसारखंच.

मी खूप दिवसांनी पोट धरून हसले. घरी येऊन आईला साग्रसंगीत सांगितलं. ती हसली नाही. "खुर्ची नाही आत?" एवढंच विचारलं.

१५ जानेवारी

आज विमान सरळ उभं. टेकू नाही. कसं केलं विचारलं, तर ठेकेदार म्हणाला, "टेक्निक आहे, ताई."

१८ जानेवारी

अध्यक्षांचा फोन. "दादांच्या विमानाचा नंबर काय होता? तोच टाकून घेऊ, रंगारी आलाच आहे!"

मी फोन तोंडापासून लांब धरला आणि भिंतीकडे बघत मनसोक्त शिव्या दिल्या. मग फोनवर म्हटलं, आठवत नाही.

आठवतो. बाबांनी कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला होता. ते गेल्यावरही मी तो पुसला नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी दादाची पेटी आणली तेव्हा बरोबरच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं, कृपा करून उघडू नका, तो होता तसाच लक्षात राहू द्या. आम्ही शब्द पाळला. पुढच्या खोलीत ठेवली होती—आता माझं कामाचं टेबल आहे तिथे. बाबा तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले, मुख्य म्हणजे आईसाठी. हिने उघडलं तर ही वाचायची नाही, म्हणाले. मी आणि बाबांनी आळीपाळीने पहारा केला. इतकी जड होती! चौघांना उचलेना. बाबा म्हणाले, भरभक्कम होता माझा मुलगा. दादा! ज्याच्या खांद्यावरून शर्ट घसरायचा! पण बापाला वाटतं तसं.

२० जानेवारी

वैमानिक बसतो त्यावरचं काचेचं झाकण निळ्या रंगाने रंगवलं. आतलं काही दिसू नये असं. "उन्हाने काच तडकते." बरं!

२२ जानेवारी

आईला घेऊन गेले. अध्यक्ष गैरहजर. ठेकेदार हजर, पण फोन कानाला चिकटलेला—पलीकडे कुणी नव्हतंच, फोन उलटा धरला होता.

"आजी, झाकण बंद केलंय. सील केलंय."

"मग उघडा," आई म्हणाली.

"आत काही नाही हो बघण्यासारखं."

"ते मी बघते ना."

"उद्या साहेब आले की बघू."

परतताना मी सांगितलं, हे लोक तुला झुलवताहेत. सोड. आई म्हणाली, "तुला गरम होतंय का? तोंड लाल झालंय तुझं."

२५ जानेवारी

आधी हे लिहून काढते.

सकाळी पाववाल्याने सांगितलं, क्रेन आलीय, आत्ता चढवताहेत. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी! आम्हाला न कळवता! मी एप्रन न काढताच निघाले. आई चपला घालून आधीच फाटकाशी. हातात स्वयंपाकघरातलं स्टूल.

चौकात विमानाला पट्टे बांधून झाले होते. अध्यक्ष पिवळी टोपी घालून. आम्हाला बघून चेहरा असा, जणू कवळीत खडा अडकला.

आई सरळ पुढे गेली. स्टूल नेऊन पुढच्या चाकाला लागून ठेवलं आणि त्यावर बसली. पर्स मांडीवर.

"आजी, उठा, धोका आहे!"

"मला काही घाई नाही," आई म्हणाली.

ठेकेदार शिट्टी वाजवतोय, अध्यक्ष "ताई, तुम्ही सांगा ना" करताहेत. मी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं आणि डबा उघडून खायला बसला.

शेवटी शिडी आली. झाकणाचे स्क्रू काढायला लागले, तेव्हा ठेकेदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, आधी सांगून ठेवतो. नाक खाली राहायला वजन पाहिजे होतं. आम्ही पोती टाकलीत."

"कुठे?"

"आत. खुर्चीच्या जागी. वाळूची."

मला वाटलं, याला शिडीनेच हाणावं. दादाच्या जागी वाळूची पोती! बाकी अख्खं विमान पोकळ आहे, तिथे नाही, नेमकं माणूस बसायचा तिथे! आणि झाकण लावून, निळा रंग फासून, वर कळ दाबायला त्याची आई!

मी आईला म्हटलं, नको चढू. ती चढली. एक्याऐंशीव्या वर्षी! मी मागून तिच्या टाचा धरून. वर पोचल्यावर तिने आत वाकून पाहिलं. मला फक्त तिची पाठ दिसत होती. हात आत गेलेला. पोतं चाचपत होती, आपण धान्याचं बघतो तसं. खूप वेळ.

"किती अरुंद आहे गं," म्हणाली. "गुडघे कुठे घेत असेल."

खाली उतरली, हात झटकले. ठेकेदार मान खाली घालून उभा. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईच त्याला म्हणाली, "बरं केलंत. नाहीतर पडलं असतं."

बरं केलंत!! तिला कळलं तरी का, काय पाहिलं ते?

२६ जानेवारी

समारंभाची बातमी करायला पेपरची एक वार्ताहर मुलगी येणार आहे, तिला मी सगळं सांगणार आहे. पोती, निळा रंग, शेपटीवरची बसकण, सगळं. समारंभ होऊ दे, आईला तिथे तमाशा नको. मग दाखवते.

अध्यक्षांची वरची कवळीही माझ्याकडे दुरुस्तीला येणार आहे. येऊ देत.

२८ जानेवारी

समारंभ. वाऱ्याने पडदा आधीच अर्धा उडाला, म्हणून अनावरणात काही राम नव्हता. अध्यक्षांचं भाषण. "आजही तो वीर सुपुत्र याच आसनावर बसून आपल्या शहराचं रक्षण करतो आहे!" आसन! रक्षण! मी ठेकेदाराकडे बघितलं. त्याने बुटाकडे बघितलं. 'सुपुत्र'च्या 'प'ला खालची कवळी उडाली आणि त्यांनी ती जिभेने झेलली. आजच्या कार्यक्रमातलं खरं कौशल्य तेवढंच.

आईने कळ दाबली. दिवे लागले. एक लागला नाही.

ती वर बघत राहिली. रडली नाही. लोकांची जरा निराशाच झाली असावी.

घरी येताना मी म्हटलं, उद्या त्या मुलीला फोन करते. वाळूचं कळू दे गावाला.

२९ जानेवारी

सकाळी फोन हातात घेतला, तर आईने माझा हात धरला. "नको करू. पेटीतही वाळूच होती."

बाबांना खुर्चीतच दुपारी डुलकी लागली होती आणि मी बाहेर आलेल्यांना पाणी देत होते, तेव्हा. पेटीच्या झाकणाचे स्क्रू तिने शिवणयंत्राच्या पेचकसाने काढले. पोती चाचपून पाहिली. बाजूला एक छोटी पिशवी होती, ती उघडली नाही. स्क्रू परत बसवले.

"तुम्ही दोघं त्या पेटीला इतकं जपत होतात," म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला तरी वाटू दे तो आत आहे."