पाचवी काठी

११ मार्च, तोकमोक
चिठ्ठ्या निघाल्या. नौरुजच्या सणाच्या बिलियर्ड सामन्यात माझ्यासमोर — सोपुबेक! माझा व्याही. आठ महिने ज्याच्याशी बोलणं बंद, तो व्याही! अख्खा बाजार खूश.
गुलबार्चिनचा लगेच फोन. "बाबा, आता पुरे. जो हरेल, त्यानं आधी दुसऱ्याच्या घरी जायचं. सासऱ्यांनी कबूल केलंय." मीही हो म्हणून बसलो. पोटच्या मुलीपुढे कच कशी खाणार? पण त्या माणसाच्या दारात आधी मी जाणार नाही. मेलो तरी!

१२ मार्च
कारण इथे लिहून ठेवतो. गुलबार्चिनच्या लग्नात मी स्वातंत्र्यावर बोलत होतो. जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. हा मधमाश्या पाळणारा उठला आणि म्हणाला, "व्याही, आवरा आता. मटण थिजलं." लोक हसले! त्यानं मानानं माझ्या खांद्यावर घातलेला चापान, तो लांब भरजरी झगा, मी तिथल्या तिथे उतरवला आणि त्याच्या हातात दिला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. व्याह्याचा चापान आमच्यात कुणी परत करत नाही. मी केला.

१४ मार्च
जुनी काठी लवचीक. आमचे चेंडू जड, टेबलाचे खिसे चेंडूहून केसभर रुंद — काठी जरा लवली की नेम गेला.
उस्ताद इब्राइमच्या दुकानात दोन तास. समोर पाच काठ्या. बुंधा मुठीत धरायचा, मधोमध तळहात हाणायचा, टोक किती थरथरतं ते बघायचं. पहिली — चाबूक! दुसरी नि तिसरी आमच्या पुढाऱ्यांसारख्या, हात लागताच मान डोलावणाऱ्या. चौथी बरी. आणि पाचवी! माझ्याच हाताला झिणझिण्या आल्या, टोक जागचं हललं नाही.
"काठीला कणा हवा!" म्हणून मी तिथेच बोलायला लागलो. वीसेक मिनिटं. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. उस्ताद म्हणाला, "मास्तर, तुम्ही हीच उचलणार, ठाऊक होतं." किंमत मात्र किरकोळ सांगितली. का? "एवढी ताठ दुसऱ्या कुणाला झेपत नाही."
खरं आहे!

१६ मार्च
सराव. मनगट सुजलं. कालिपा तेल चोळता चोळता म्हणते, "एवढं ताठच हवं होतं, तर तुम्हीच आडवं व्हायचं टेबलावर!"
बायकोला तत्त्व म्हणून काही कळत नाही.

२१ मार्च
जिंकलो! आठ-सात! शेवटचा चेंडू लांबच्या कोपऱ्यात, सरळ, खिशाच्या कडेला न लागता. काठी तसूभर लवली नाही.
सोपुबेक जवळ आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलला. "काठी छान निवडलीत, व्याही."
"मी वाकणारी घेत नाही."
हसला. "माहीत आहे. उद्या सकाळी येतो तुमच्याकडे."
आता येऊ दे! त्याला काय काय ऐकवायचं, याचे मुद्दे काढून ठेवले. सतरा.

२२ मार्च, पहाट
काठी पुसताना बुंध्याची रबरी टोपी निघाली. खाली लाकडावर डाग देऊन काढलेली बारीक अक्षरं — "व्याह्यांना, सोपुबेककडून. ही खांद्यावरून उतरवता येत नाही."
कालिपाला उठवलं, कोट मागितला. तो घरातून निघायच्या आत त्याच्या दारात पोचायला हवं. मुद्दे घेतलेले नाहीत.