ओढ्याची जागा

प्रिय स्वरूपा,

शनिवारची अर्धी शाळा सुटली, की बारामतीहून एस.टी.नं गावात उतरून आपण थेट ओढ्यावर जायचो आणि कॅनव्हासचे बूट घासायचो, आठवतं? सोमवारी शाळेत सिस्टर रांगेत पाय बघायच्या. तू बुटांना खडू फासायचीस आणि मी ते साती आसरांच्या दगडांशेजारी उन्हाला लावायचे. तुझी आई ओरडायची, की तिथं पाय धुऊ नका, पाण्यातल्या बायका आहेत त्या, राग धरतात. तू म्हणायचीस, त्यांनाही बूट हवे असतील.

तू लग्न होऊन बारामतीला गेलीस आणि नंतर तो ओढा बुजवला गेला. कुणा एकानं नाही, सगळ्या आळीनं मिळून. ज्याच्या त्याच्या घरचं डबर, राख, पाचट पडत गेलं. पण आसरांची जागा कशी बुजवायची? तेव्हा आळीतल्याच गोजरबाईनं तोड काढली. तिच्या दाराजवळच नवा ओटा बांधला आणि ते सात दगड वाजतगाजत नेऊन बसवले. देवता उठल्या म्हणजे ओढा संपला, आता ही नुसती जमीन, असं सगळे धरून चालले. त्या जमिनीत आमच्या ह्यांनी घर बांधलं. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी मी मागून घेतली होती.

आता पाऊस पडतो तो एकदमच. मागच्या भाद्रपदात माळावरचं सगळं पाणी गावात आलं आणि खालच्या आळीत शिरलं. म्हाताऱ्या कुशाबाईंची खाट त्यांच्यासकट तरंगली. माणसं वेळेवर पोहोचली म्हणून त्या वाचल्या, पण तेव्हापासून त्या रात्रभर भिंतीला टेकून बसून असतात. पाणी काढायला मोठी बंदिस्त गटारं घालायची तर नगरपंचायतीकडे तेवढा निधी नाही. मल्हार म्हणून एक तरुण इंजिनिअर आहे. त्यानं स्वस्तातला मार्ग शोधला. शाळेचं मैदान थोडं खोल करून पाणी तिथं थोपवायचं आणि जुना ओढा उकरून मोकळा करायचा. मातीचेच काठ, वर गवत. नकाशा पसरून तो सगळं समजावत होता, आणि निळी रेघ माझ्या घराशी आली तसं त्यानं बोट उचललं. मग म्हणाला, "काकू, बाकी सगळीकडं नुसती माती हाय. घर तेवढं एकच हाय."

त्याला मी सांगितलं नाही, की ती रेघ मला आधीच ठाऊक होती.

चैत्रात, घरात पाण्याचा टिपूस नसताना, माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर सात ओले डाग उठतात. ओळीनं, खिडकीपासून दारापर्यंत. ओल्या लुगड्यानं कुणी बसून उठावं तसे. प्लंबर आणला, त्याला खाली पाइप सापडला नाही. पुसले तरी चहा उकळेपर्यंत परत येतात. भिजल्या हळदीचा वास असतो त्यांना. मी कुणाला बोलले नाही. अविराजला तर नाहीच. आई एकटी राहून भ्रमिष्ट झाली म्हणाला असता.

एके दुपारी गोजरबाई चहाला आली. दारातच थबकली, पदर आवरून घेतला आणि भिंतीच्या कडेकडेनं आत आली, बसलेल्या बायकांतून वाट काढावी तशी. कप हातात घेऊन हळूच म्हणाली, "रतन, ह्या तुझ्याकडं कवापासून बसल्यात गं?" मग तिनंच सांगितलं, की ओट्यावरच्या दगडांना हळदीकुंकू लागत नाही, लावलं की कोरडं होऊन गळतं. "आमी नुसती दगडं नेली. त्या हितंच ऱ्हायल्या."

तरीही मी घर पाडायच्या संमतीपत्रावर सही केली नाही. अविराज पुण्याहून फोनवर सांगत होता, आई, बाबांचं घर आहे, कोर्टात जाऊ. आणि खरं सांगू, मलाही घर सोडवत नव्हतं. ह्यांचा शेवटचा चहा या स्वयंपाकाच्या ओट्याशी झाला. मी म्हणत होते, एवढा पावसाळा जाऊ दे.

मंगळवारी मात्र मी गॅसवर भात ठेवला आणि नंतरचं काही मला आठवत नाही. करपल्याच्या वासानं भानावर आले तर मी खाली बसले होते, त्या ओळीच्या टोकाला. साडी गुडघ्यापर्यंत निथळत होती. नळ बंद, बाहेर लख्ख ऊन. मला भीती वाटली नाही, स्वरूपा, आणि त्याचीच आता भीती वाटते. आपली धरून ठेवलेली जागा मिळावी तसं बरं वाटत होतं. उठले तेव्हा खाली आठवा डाग होता. तो पुसावासाही वाटला नाही.

काल मी सही केली. सोमवारी जेसीबी येणार. त्याआधी रविवारी सकाळी मी आणि गोजरबाई ते दगड परत आणणार, आणि घर पडायच्या आत स्वयंपाकघरातच त्यांची ओटी भरणार. मग दुपारच्या गाडीनं मी तुझ्याकडं निघेन, कायमची, तू ठेवून घेशील तर. पण ओटी भरायला खाली बसावं लागेल, आणि बसल्यावर मी उठेन याची मला खात्री नाही. म्हणून लिहिते आहे. दिवेलागणीपर्यंत मी तुझ्या दारात आले नाही, तर अविराजला आत पाठवू नकोस. मल्हारला सांग, काम थांबवू नको, ते सात दगड तेवढे आधी उचलून काठावर बसव. शिलाई मशीन शेजारच्या निकिताला दे, ती लाजून नाही म्हणेल, तरी दे. तांब्याचं घंगाळ गोजरबाईला. आमची उंच लोखंडी कॉट कुशाबाईंना, आणि पहिली रात्र कुणीतरी त्यांच्याजवळ झोपावं. ह्यांचं घड्याळ आणि चष्मा अविराजला, माझ्यावरचा राग उतरल्यावर. हिरव्या बांगड्यांचे आठ जोड आणलेत. सात मी त्यांना वाहीन. आठवा या पाकिटासोबत गोजरबाईच्या सुनेच्या हाती तुझ्याकडं पाठवते आहे. मी आले तर परत मागून घेईन. नाही आले, तर ओढा वाहता झाल्यावर तो काठावर ठेव, सातांच्या शेजारी.

तुझीच,
रतन