हिवराखालचा रिकामा झोका

वडगाव निंबाळकर,
एप्रिलअखेर

आदरणीय अक्काबाई आत्यास,

धम्मदीपचा सप्रेम जयभीम. (मागच्या पत्रात ‘क्रांतिकारी जयभीम’ लिहिला, तर तुम्ही निरोप धाडलात की आधी बावड्याला येऊन चहा पिऊन जा, मग क्रांती कर. म्हणून या खेपेस नुसताच सप्रेम.) तुमचे गुडघे, तुमची शेळी आणि तुमचा राग, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, आणि आज बोलायचं मला आहे. तुमची सून संजीवनी बरी आहे, फक्त माझ्यावर चिडून आहे. आईचं मात्र ठीक नाही. ऊन तापायला लागल्यापासून ती दुपारची घरात जेवत नाही. ‘तानूबाईकडं जाते’ म्हणून डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात निघते, ती उन्हं कलल्यावर परतते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशानं एक दिवस त्या वाटेवरच आडव्या सापडतील. तिला दुपारी घरात कसं ठेवायचं, यासाठीच हे पत्र. मध्ये फाटे फुटतील, ते सोसून घ्या.

माळावरचं आपलं फॉरेस्ट तुम्ही विसरला नसाल. बहात्तरच्या दुष्काळात तिथं हिवराचं एक झाड आणि बाकी सगळे दगड होते म्हणतात. दुष्काळी कामावरच्या माणसांनी चर खणले, झाडं लावली. पुढं त्यातली निम्मी शेरडांनी खाल्ली, उरलेल्यातली काही आपल्याच लोकांनी चुलीत घातली (नावं घेत नाही, त्यातली दोन आपल्या भावकीतली आहेत), तरी रान उभं राहिलं. आता तिथं हरणं आहेत. यंदा गावानं त्याचं वन उद्यान करायचं ठरवलं आणि समितीचा अध्यक्ष मला केलं, कारण त्या बैठकीला मी गैरहजर होतो. बारामतीहून लोक चालायला येतात, तेही गाडीत बसून. लग्न ठरलेली जोडपी फोटोसाठी बाभळीला टेकतात आणि काटा टोचला की समितीकडे तक्रार करतात. मुलांना काहीतरी हवं म्हणून आम्ही त्या जुन्या हिवराला साखळीचा झोका टांगला. इथवर सगळं झकास होतं.

आत्या, मी विज्ञान शिकवतो. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. भूत आहे असं मी म्हणणार नाही, म्हणायची सोयही नाही. पण झोका हलतो. पोरं बसली की साखळी करकरते, आणि दुपारी कुणी नसताना तो हलतो तेव्हा मुळीच करकरत नाही. वारा नसतो, लिंबाचं पान हलत नसतं, आणि तो आपला बेतानं, टीचभर पुढं, टीचभर मागं जात राहतो. हरणं लांब उभी राहून त्याच्याकडे बघत असतात. एकदा मी धीर करून फळीवर हात ठेवला. (धीर म्हणजे काय, फोटोवाला बघत होता.) फळी सावलीत होती, तरी कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी कोमट लागली. मी लंबक, तापमान वगैरे मनात आणलं आणि चालत निघालो. पुढं पाय आपोआप पळायला लागले.

आईच्या मैत्रिणीला, तानूबाईला विचारलं, आई खरंच तुझ्याकडे येते का? ती म्हणाली, “माज्याकडं कशाला यील? पर मास्तर, तुमी लई वंगाळ केलंत. रिकामा पाळणा कुनी हलवतं व्हय? त्यात वरवंटा ठिवा, बारशाला ठिवत्यात तसा.” अंधश्रद्धेविरुद्ध दरवर्षी भाषण देणारा मी, घरातला वरवंटा टॉवेलात गुंडाळून, वर टोपडं घालून माळावर घेऊन गेलो आणि फळीवर निजवून आलो. (संजीवनी चिडली ती यामुळे. मिक्सरची चटणी आम्ही दोघंही निमूट खातोय.) दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला गेलो, तर वरवंटा बुंध्याशी उभा. टॉवेल घडी करून ठेवलेला. झोका हलत होता आणि पलीकडे मुळावर आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

“वरवंटा कशाला ठिवलास रं?” ती म्हणाली. “त्येची जागा हाय ती.”

मी म्हणालो, चल घरी, झोका उद्याच काढून टाकतो. ती म्हणाली, “काड की. पर आदी त्येला उठीव. निजल्यालं पोर हाक मारून उठवावं लागतं. काय म्हनून हाक मारशील?”

मग तिनं सांगितलं. माझ्याआधी एक होता, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. दुष्काळी कामावर याच हिवराला त्याची झोळी असायची. आई मुरमाच्या पाट्या वाहायची आणि येता-जाता पायानं झोळीला झोका द्यायची. एका दुपारी ती पाटी टाकून आली, तर झोळी थांबलेली. त्याला तिथंच पुरला. बारसं राहिलं होतं, कारण नाव कानात सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या आली नव्हती. भावानं, म्हणजे नानांनी, माहेरी न्यायला मुराळी न धाडता नुसता निरोप धाडला, म्हणून रुसून बसली होती. आई हे सांगताना रागावली नव्हती. मलाच रडू आलं.

कळावे. राग कमी नसावा, पण थोडा बाजूला ठेवावा.

तुमचा,
धम्मदीप

ता. क. – भुताचं तुम्हाला खोटं वाटलं तर मला आनंदच आहे. समितीचंही अधिकृत मत तेच आहे.

आणखी ता. क. – रविवारी सकाळी गाडी घेऊन मी स्वतः येतोय. निरोप नाही, फोन नाही. घरचा सख्खा भाचा मुराळी म्हणून दारात उभा राहील. हिवराखाली यायचं, वाकायचं आणि आत्यानं सांगायचं ते सांगायचं. मोठ्यानं नको.

शेवटचं – तुम्ही येणार असं मी आईला आधीच सांगून टाकलंय. आज दुपारी ती घरीच होती. अर्धी भाकरी खाल्ली आणि विचारलं, “आक्काबाई काय नाव ठिवंल रं?” येताना काही आणू नका. नाव तेवढं ठरवून या.