चिखलदऱ्याची तेरवी

जाम,
२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप देवकाताईस,
धाकट्या भैय्याजीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष,

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की चौकातल्या ट्रकवाल्यांना आपल्या घरचं सगळं कळतं, तेव्हा हे पत्रांचंच बरं आहे.

दुकान ठीक. दोरखंड, ताडपत्री, ट्रकला बांधायचे काळे गोंडे, सगळं आपापल्या परीनं खपतं. माझा किशोर बघतो. मी नुसता गल्ल्यावर बसून रस्त्याकडे पाहतो. किशोरची आई, आपली कुंता, जाऊन सव्वा वर्ष झालं, पण मन कशात म्हणून लागत नाही.

परवाच्या रविवारी अमरावतीला गेलो होतो. आमचे दोरीचे ठोक व्यापारी वारले, त्यांची तेरवी होती. माणूस फार लोकप्रिय. पहाटेच हजारभर लोक जमले होते, ढोलही वाजत होते. परत आलो तेव्हापासून पोटऱ्या धरल्या आहेत, पायऱ्या उतरताना तोंडातून हाय निघतं. दुःख कुठे उतरेल सांगता येत नाही.

माझी काळजी करू नकोस. अंकितला आणि मयुरीला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहो, दुसरं मागणं नाही.

तुझा,
भैय्याजी


रोहणा,
१० सप्टेंबर २०२५

चि. भैय्याजीस,
देवकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. जूनमध्ये नागपूरचा ताडपत्रीवाला गेला, जुलैत चंद्रपूरचा गोंडेवाला, आणि आता हा अमरावतीचा. तुमच्या धंद्यात कोणी टिकतं की नाही? किशोरला सांग, दुकानाची दृष्ट काढ. आणि प्रत्येकाच्या तेरवीला तूच कशाला जातोस? ज्याचं स्वतःचं दुःख अजून ओलं आहे त्यानं दुसऱ्यांच्या तेरव्या करत हिंडू नये.

राखीला आलास तेव्हा तुझी गालफडं पाहिली मी. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. डिंकाचे लाडू पाठवते आहे. पावसाळ्यात कोणी खातं का म्हणून विचारू नकोस, खा.

इकडे वांगी चांगली आली आहेत. माझं डोकं मात्र फार दुखतं आणि सकाळी उठल्यापासून सगळ्यांवर चिडचिड होते. काल वाफ्यात अंकितला इतकं बोलले की तो म्हणे, आई, वांग्याची चूक नाई, माही नाई, मंग कोनाची आहे ते तरी सांग. मी टोपलं त्याच्या हातात देऊन घरात निघून आले.

१४ डिसेंबरला तुला साठ पूर्ण होतात. साठीशांत रोहण्यालाच करायची, भटजींना सांगून ठेवलं आहे. मला बाकी काही नको. एकदा तुला हसताना बघायचं आहे, तेही दात पडायच्या आत. तुझे नाहीतर माझे.

बोलले त्याचा राग धरू नकोस. धरलास तरी उत्तर पाठव.

तुझी,
ताई


जाम,
२८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष,

भाऊबीजेला माझ्यासाठी फार केलंस. मला हसवायला तू किती खटाटोप केलास ते दिसत होतं, पण काय करू, हसू येतच नाही. परत आल्यापासून गालाला आतून जखम झाली आहे, जेवताना झोंबते. कशानं झाली कोण जाणे.

आता एक अडचण. साठीशांत त्या तारखेला जमणार नाही. १४ डिसेंबरला मला चिखलदऱ्याला तेरवीला जायचं आहे. अगदी जवळचा माणूस आहे, टाळता येत नाही. तिथे थंडी फार असते म्हणतात. तुझ्याकडची लोकरीची कानटोपी पाठवलीस तर बरं होईल.

रागावू नकोस. रागावलीस तर थोडं रागाव, कारण मी आधीच खचलेला आहे.

तुझा,
भैय्याजी


रोहणा,
४ नोव्हेंबर २०२५

भैय्याजी,
आशीर्वाद मागाहून देईन. आधी उत्तर दे.

१४ डिसेंबरला तेरवी, म्हणजे माणूस २ डिसेंबरला मरायला हवा. आज ४ नोव्हेंबर. तो बिचारा चिखलदऱ्याला आज जेवतखात असेल. त्याला कोणी कळवलं आहे का? वर्षश्राद्ध म्हणाला असतास तर मी गप्प बसले असते. लहानपणी तुला एवढं वाढवलं, पण खोटं बोलताना डोकं लावावं हे शिकवायचं राहून गेलं.

आता खरं सांग. बाई आहे का कोणी? असेल तर असू दे. आर्वीत एकानं साठीनंतर लग्न केलं आहे. मी कुंतासाठी रडेन, पण जेवायला येईन. दारू असेल तर लिहू नकोस, मीच तिकडे येते आणि दांडूनं उतरवते.

उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल, पण त्यात कोणी मेलेलं नको.

देवका


(त्याच पाकिटात)

तीर्थस्वरूप मामांस,
मयुरीचा सा. न. वि. वि.

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते आहे. फोन केला असता, पण आईंना कामाचं तेवढं ऐकू येत नाही. चोरून बोललेलं दोन खोल्यांपलीकडून येतं.

मामी गेल्या आणि तुम्ही बोलायचे थांबलात, तेव्हा आईंनी मातामायपुढे नवस केला. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत हसेल तोवर चहा सोडला, म्हणून. तुम्हाला सांगायचं नाही अशी आम्हा सगळ्यांना शपथ आहे, कारण बहिणीची कीव येऊन हसलेलं देवीला चालत नाही म्हणतात. मी शपथ मोडते आहे, काय व्हायचं ते होवो. मामा, दिवसाला सहा कप पिणारी बाई आहे ती. दीड वर्ष होत आलं. पाहुण्यांना चहा देतात आणि कपातून वाफ निघते तोवर जवळ उभ्या राहतात. हे गोठ्यात लपून पितात, मी मोरीत.

भाऊबीजेला त्यांनी सरपंचांच्या सभेत बकरी शिरल्याची गोष्ट सांगितली, बकरीच्या आवाजासकट, सरपंचांच्या आवाजासकट. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत आणि तुमचे खांदे हलायला लागले. आईंना वाटलं, रडून राहिले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला मात्र ते रडणं वाटलं नाही.

आणखी एक. मोबाईलवर अमरावतीच्या एका शर्यतीचा फोटो आला आहे. त्यात अर्ध्या चड्डीतला, छातीवर नंबर लावलेला, तोंड उघडून हसणारा एक माणूस आहे. ही तेरवी कोणाची ते तुम्हीच आईंना सांगा. मी फोटो दाखवलेला नाही.

लहान तोंडी बोलले, पोटात घालावं.

आपली,
मयुरी


जाम,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
नमस्कार घालतो आणि तिथेच डोकं टेकवून ठेवतो.

कोणीही मेलेलं नाही. नागपूरचे, चंद्रपूरचे, अमरावतीचे, तिघेही ठणठणीत आहेत. अमरावतीचे तर काल माल घेऊन दुकानात आले. मी त्यांना आग्रहानं दोन वेळा जेवायला घातलं. ते चक्रावले, पण जेवले.

ताई, मी धावतो. गेल्या जानेवारीत एक ड्रायव्हर काउंटरवर मोबाईल विसरून गेला. ट्रक नुकताच हलला होता, म्हणून मी मागे पळालो. तो थांबेना, मीही थांबलो नाही. कुंता गेल्यापासून मी खोलीतून गल्ल्यापर्यंतच चाललो होतो, आणि त्या दिवशी पार पुढच्या धाब्यापर्यंत गेलो. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, माझ्याच फोनवर फोन लावला असता तर मी परत आलो असतो. मी म्हटलं, फोन तर माझ्याच हातात होता बाबा. मग आम्ही दोघंही हसत सुटलो. त्यानंतर मला भूक लागली. खरी भूक. तिथेच बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी कोणीही काही विसरलं नव्हतं, तरी पळालो. जामला विनाकारण पळणारा माणूस कोणी पाहिलेला नाही. एसटी थांबायच्या. कंडक्टर दार उघडून म्हणायचा, काका, चढा ना, काऊन पळून राह्यले? एका ट्रॅक्टरवाल्यानं मागे कोण लागलं ते विचारलं आणि मारायला खाली उतरला. आता सगळ्यांना सवय झाली आहे, कुत्र्यांनासुद्धा. किशोरनं बूट आणून दिले, मग शर्यती सुरू झाल्या. धावून झालं की मी ते गाव बघतो. चंद्रपूरच्या किल्ल्याचा परकोट पाहिला, अमरावतीला अंबादेवीचं दर्शन घेतलं. कुंता म्हणायची, जामवरून सगळ्या गावांना गाड्या जातात, आपणच तेवढे कुठे जात नाही. तेव्हा मी म्हणायचो, दुकान कोण बघेल.

तुला सांगितलं नाही, कारण कुंता तुझी मैत्रीण. तूच तिला माझ्या घरी आणलीस. तिच्यामागे मी चड्डी घालून गावोगाव पळतो आणि खुशीत घरी येतो, हे कोणत्या तोंडानं लिहू? हसलो की लगेच चोरी केल्यासारखं वाटतं. तुझ्यासमोर हसलो असतो तर तुला वाटलं असतं, विसरला. म्हणून बकरीच्या वेळी गाल चावून धरला.

चिखलदऱ्याला घाटातली शर्यत आहे. साठावा वाढदिवस त्या चढावर करायची फार इच्छा आहे. पण तू नको म्हणालीस तर येईन, मुकाट शांतीला बसेन. मनापासून लिहितो आहे.

तू तब्येत सांभाळ आणि जे काही सोडलं असशील ते घ्यायला लाग. मयुरीनं मला काहीही सांगितलेलं नाही.

तुझा, पायांशी बसलेला,
भैय्याजी


रोहणा,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. भैय्याजीस,
अनेक आशीर्वाद, मागचे थकलेले धरून.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग मयुरीला हाक मारली. तिनं तुला काही सांगितलेलं नाही हे तू लिहिलंस, म्हणून मला सगळं कळलं. तुम्ही दोघांनी मिळून चोरी करू नये, दोघंही सापडाल.

तू कुंताला विसरशील अशी भीती मला एक दिवसही वाटली नाही, भैय्याजी. तू तिच्या मागोमाग जाशील अशी वाटत होती. फोन वाजला की वाटायचं, तीच बातमी. मला ऐकू येतं थोडंफार, पण फोन मी मुद्दाम उचलत नव्हते. पत्र आलं म्हणजे तू निदान टपालपेटीपर्यंत चाललास, एवढं तरी कळायचं.

म्हणून चड्डीचं, तेरव्यांचं सगळं माफ. गालफडांचंही. लाडू मात्र कोणाला वाटले असतील तर ते माफ नाही.

कागदावरचं हसणं मातामायला चालत नाही, डोळ्यांदेखत असं ठरलेलं आहे. अंकित म्हणे, मामाले इकडंच बोलवा, गुदगुल्या करू. मी नको म्हटलं. साठीशांत पुढे ढकलली आहे. भटजींनी कारण विचारलं, तेव्हा जवळच्या माणसाची तेरवी आहे म्हणून सांगून टाकलं. मी चिखलदऱ्याला येते. अंकित सोडून जाईल. आजवर रोहण्याहून आर्वी आणि आर्वीहून रोहणा एवढंच केलं आहे, आता घाट बघते.

चड्डी गुडघ्याखाली असावी. बाकी तुझ्यावर लोभ होता, आहे, आणि तू पहिला नाही आलास तरी राहील.

तुझी,
ताई


चिखलदरा,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

तू सगळं लिहून पाठवा म्हणालीस, म्हणून बसले आहे. आम्ही दोन दिवस राहणार आहोत, दऱ्या बघायच्या राहिल्या आहेत. वांग्यांना पाणी वेळेवर द्या.

सकाळी धुकं इतकं होतं की माझा हात मला दिसत नव्हता. शर्यत जिथे संपते तिथे एका बाईची चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर जाऊन बसले. तिला सांगून ठेवलं, मी खूण करेन तेव्हा कप भर, आधी भरू नकोस. ती म्हणे, आजी, चहाले काऊन मुहूर्त लागते? मी म्हटलं, लागते.

आधी तरणी पोरं आली, मग पोटं सुटलेले आले. मी आपली मान खाली घातलेला, पाय ओढत येणारा माणूस शोधत होते. तसा एक आलाही. मी धावत जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कानटोपी घातली, खूप पळलास रे म्हटलं. तो अकोल्याचा कोणी बँकेतला साहेब निघाला. त्यानं वाकून नमस्कार केला आणि टोपी घेऊन गेला.

तेवढ्यात चढावरून एक माणूस हात पसरून, शेजारच्याशी बोलत, तोंडभर हसत येताना दिसला. वाट अडायला नको म्हणून मी बाजूला झाले. तो माझ्यापुढे येऊन थांबला आणि ताई म्हणाला. मयुरी, मी त्याला कडेवर घेऊन वाढवला, आणि मी त्याला ओळखला नाही.

खूण करायचंही राहिलं, टपरीवालीनंच माझ्या हातात कप दिला. भैय्याजी समोर बसून सांगत होता, कोणत्या वळणावर पाय अडखळला, कुठे माकडानं पाण्याची बाटली पळवली, कुठे कुंताची आठवण येऊन रडू आलं आणि रडता रडता पळालो तरी कोणाला कळलं नाही. सांगताना हसत होता, मध्येच डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. मी बघतच राहिले. बोलून त्याच्या घशाला कोरड पडली, म्हणून त्यानं माझ्या हातातला कप घेतला आणि बोलता बोलता एका घोटात संपवला. नवसाचा चहा, दीड वर्षानंतरचा. मी पिऊ दिला.

तुझी सासू,
देवका